म्हटलं म्हणजे लिहिलं

स्क्रू तांदळाच्या कणीएवढा होता आणि तो माझ्या चिमट्यात होता, म्हणून हे सगळं झालं असं मी अजूनही म्हणतो. हात मोकळा असता तर मी वर बघितलं असतं, वर बघितलं असतं तर तिचा चेहरा दिसला असता, आणि चेहरा बघून माणूस काहीतरी वेगळं बोलतो. पण मी जेवणाच्या टेबलावर पांढरा रुमाल पसरून, डोळ्याला भिंग लावून एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी बसवत होतो. असली नाजूक कामं मी दुकानात करत नाही. तिथे लोक काउंटरवर वाकून बघत राहतात आणि मग हमखास स्क्रू निसटतो. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. नळ बंद झाल्याचं मला ऐकू आलं होतं, म्हणजे हात पुसत उभी असणार. ती म्हणाली, "मी पुढच्या महिन्यात ताईकडे राहायला जाते आहे. कायमची." आणि मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात, ताईकडे, कायमची." स्क्रू बसला. मी काडी उघडून पाहिली, मिटून पाहिली, कुरकुरत नव्हती. तेवढ्यात ती "हो" म्हणाली आणि आत गेली. मग कुठे मी भिंग काढलं, आणि आपण आत्ता काय ऐकलं आणि त्याहून वाईट म्हणजे आपण आत्ता काय बोललो, ते माझ्या डोक्यात शिरलं. पण तोपर्यंत बोलून झालं होतं.

हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल, म्हणून नीट सांगायला हवं. गेली कित्येक वर्षं आम्ही दोघं महिन्यातल्या एका रविवारी समुद्रावर जातो. फिरायला नव्हे. शहराच्या टोकाला बसचा शेवटचा थांबा आहे, तिथून खाली उतरलं की आधी वाळूचा पट्टा लागतो आणि त्याच्यापलीकडे खडक. वाळूतला कचरा उचलायचा आणि ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकांवर जे काही जिवंत आहे ते मोजायचं, असं आमचं फुकटचं काम. आमच्या या मंडळाच्या प्रमुख म्हणजे प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई, त्यांना सगळे प्रोफेसर म्हणतात. मोजायची पद्धत त्यांची. हातभर लांबीरुंदीची एक प्लास्टिकची चौकट असते. खडकात ठोकलेल्या खिळ्यांना दोर बांधायचा आणि त्या दोराच्या कडेकडेने ती चौकट ठेवत जायची. जोडीतला एक जण गुडघे टेकून चौकटीत दिसेल ते मोजतो आणि मोठ्याने सांगतो, दुसरा मागे उभा राहून पाटीवर लिहितो. पण लाटांच्या आवाजात सातचे साठ होतात. म्हणून लिहिणाऱ्याने ऐकलेलं तसंच्या तसं मोठ्याने परत म्हणायचं. ते कानावर येईपर्यंत सांगणाऱ्याने चौकट उचलायची नाही, आणि आलं की मग रेंगाळायचं नाही, उचलायची आणि पुढे सरकायचं. "ऐकलं म्हणजे लिहिलं नव्हे. म्हटलं म्हणजे लिहिलं," असं प्रोफेसर पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. आणि लिहिणाऱ्याने त्यात आपलं काही घालायचं नाही. "नक्की ना?" विचारायचं नाही, "बापरे" म्हणायचं नाही, शेवटी सूरसुद्धा वर न्यायचा नाही. कारण सांगणाऱ्याला एकदा शंका आली की तो पुन्हा बघतो, आणि पुन्हा बघणाऱ्याला त्याला हवं तेच दिसतं. बायकोची नजर बारीक, माझं अक्षर बरं. त्यामुळे सांगणारी ती आणि लिहिणारा मी, हे ठरवावंही लागलं नाही.

दुकानात मात्र मी दिवसभर विचारतच असतो. अंधाऱ्या खोलीत, उंच खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यापुढे एक काच धरायची, मग दुसरी. हे बरं की हे? आत्ताचं की आधीचं? लोकांना वाटतं आपली परीक्षा चालू आहे. घाबरून खोटी उत्तरं देतात, मग मला त्याच काचा उलटसुलट करून खरं काढून घ्यावं लागतं. संध्याकाळी शटर ओढेपर्यंत माझ्यातले सगळे प्रश्न संपलेले असतात. तिचं अगदी उलट. ती लहान मुलांना शिकवते. ती एक ओळ म्हणणार आणि वर्गभर पोरं तिच्यामागून म्हणणार. एकदा ती शाळेतून आली, पर्स खुंटीला अडकवली आणि म्हणाली, चहा टाकू का असं मला कुणीतरी म्हणावं असं वाटतंय. मी म्हणालो, चहा टाकू का. ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. दिवसभर माझ्यामागून म्हणायला पोरं होती, म्हणाली, घरी आले तर हा एक मोठा पोरगा बसलाय. तेव्हा हसली होती, हे मी शपथेवर सांगतो.

कारण तो आमचा खेळ होता. समुद्राच्या आधी आमच्या घरात दुधवाला, गॅस, विजेचं बिल याशिवाय बोलणं उरलं नव्हतं. भांडण नव्हतं काही. दोन भाडेकरूंनी एकमेकांशी नीट वागावं तसे आम्ही वागत होतो. मग तिच्या शाळेत कुणीतरी समुद्राचं सांगितलं, ती म्हणाली चलतोस का, आणि मी गेलो. त्या पहिल्या सकाळी ती पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ओल्या खडकावर बसली, नाक अगदी चौकटीत खुपसून, आणि म्हणाली, "समुद्रफूल, एक, मिटलेलं." समुद्रफूल म्हणजे फूल नव्हे. खडकाला चिकटून राहणारा तो एक मऊ प्राणी. पाण्यात असला की उमलतो, पाणी ओसरलं की स्वतःला आत ओढून घेतो आणि लालसर गोळा होऊन बसतो. मी म्हणालो, "समुद्रफूल, एक, मिटलेलं." आणि लिहिलं. इतक्या काळजीने, मला नीट ऐकू जावं म्हणून एकेक शब्द सुटा करून, माझ्याशी कुणी कधी बोललं नव्हतं. आणि मीही कुणाचं इतकं मन लावून ऐकलं नव्हतं. येताना बसमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपली. केसांना खारट वास येत होता. मला वाटलं, चला, सापडलं.

मग ते घरात आलं. मीठ संपलं, ती म्हणायची. मीठ, संपलं, मी म्हणायचो आणि हवेत लिहिल्यासारखं करायचो. खांदा दुखतोय, डावा. खांदा, डावा, दुखतोय. तिची ताई एकदा चार दिवस राहायला आली होती, ती आ वासून बघत बसली. तुम्हा दोघांना वेड लागलंय, म्हणाली. आम्हाला केवढा अभिमान वाटला होता त्या वेडाचा. हा खेळ नेमका केव्हा मोडला ते मला कळलेलं नाही. मी मागे जाऊन जाऊन शोधलंय. कुठल्या तरी एका संध्याकाळी ती हसली नसणार, आणि तरी मी म्हणालो असणार, आणि दुसऱ्या दिवशीही म्हणालो असणार, कारण जीभ आपली आपण चालते. पण ती संध्याकाळ काही सापडत नाही. एक दिवस तेवढा आठवतो. तिचा फोन दुकानात आला, खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ एक डोळा झाकून बसले होते. "आई गेली," ती म्हणाली. "आई गेली," मी म्हणालो. नंतर ती मला म्हणाली होती की सगळ्यांनी कसं, कधी, काय झालं होतं, डॉक्टर काय म्हणाले, असं विचारून जीव नकोसा केला. तू एकट्यानेच नुसतं म्हटलंस, आणि तेव्हा ते मला खरं वाटलं, आणि रडू आलं. हे तीच म्हणाली होती. मग मला जर वाटलं की आपल्याकडे औषध आहे, तर त्यात माझं काय चुकलं?

ती कायमची जाते म्हणाली त्या संध्याकाळी रुमालाची घडी घालून मी आत गेलो, तर ती झोपाळू डोळ्यांनी वह्या तपासत होती आणि म्हणाली जेवण झाकून ठेवलंय. मी जेवलो. उद्या विचारू असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी तिची ताई माझ्याशी फोनवर बोलली. ताई समुद्रापासून खूप आत, डोंगरापलीकडच्या एका शहरात राहते, एकटीच, मोठं घर आहे. आवाजात मध घालून म्हणाली, मला तर भीती वाटत होती की तू आकाशपाताळ एक करशील, पण ही म्हणाली त्याला सांगितलं, तो बरं म्हणाला. समजूतदार आहेस हो. मी सांगायला तोंड उघडलं की ताई, मी बरं म्हटलेलं नाही, मी फक्त परत म्हटलं. पण हे फोनवर कसं सांगायचं? मी म्हणालो, हो, ताई. झालं. म्हणजे आता ते पक्कं होऊन गेलं, दोन शहरांत.

मला रागही आला, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं एका ताटात जेवल्यावर माणूस कायमची जाते आहे हे असं, हात पुसता पुसता सांगतं? समोरच्याच्या हातात स्क्रू आहे हे न बघता? मी दुकानात त्या दिवसांत दोन चष्म्यांचे नंबर उलटे बसवले. एक बाई चष्मा लावून दारापर्यंत गेल्या आणि पायरी चुकल्या. नशीब, पडल्या नाहीत. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी अंधाऱ्या खोलीत त्या उंच खुर्चीवर स्वतः बसायचो आणि समोरच्या अक्षरांच्या तक्त्याला सांगून बघायचो, जाऊ नकोस. एवढंच तर म्हणायचं होतं. तक्त्यापुढे छान जमायचं. मोठ्या अक्षरांना, लहान अक्षरांना. घरी येऊन कुलूप उघडलं की जीभ टाळ्याला चिकटायची. मग एकदा लक्षात आलं की या घरात मी कधी आधी बोललोच नाही. ती बोलायची आणि मी बोलायचो. मी नेहमी दुसरा. ती गप्प बसली की मला सुरुवातच सापडत नाही, आणि ती आता बरीच गप्प असायची.

एका दुपारी ती कपाट आवरत होती. तिचं एका बाजूला, माझं एका बाजूला. मी दारात उभा, मदत करू का असं म्हणावं की म्हणू नये या विचारात. तिने न बघता सांगितलं, तुझे स्वेटर खालच्या कप्प्यात ठेवलेत. मी म्हणालो, "खालच्या कप्प्यात." तिचे हात थांबले. ती पलंगाच्या कडेवर बसली, माझाच एक स्वेटर मांडीवर घेऊन, आणि मला वाटलं हसते आहे.

"बघ," ती म्हणाली. "बघ ना, अरे."

मी म्हणालो, सवय आहे, मुद्दाम नाही करत.

"मुद्दाम केलं असतंस तर चाललं असतं," ती म्हणाली. "तुझ्याशी बोललं की मला माझंच ऐकू येतं. एकटी असते तेव्हासुद्धा इतकं ऐकू येत नाही."

आता इथे बोलायला हवं होतं. इथे तर तिने जागा करून दिली होती, ती थांबली होती, बघत होती, खालचा ओठ दातात धरून. आणि माझ्या तोंडाशी काय आलं? इतकं ऐकू येत नाही. तेच आलं, जसंच्या तसं, जिभेवर येऊन बसलं. ते बाहेर पडू नये म्हणून मी दात घट्ट मिटले आणि मूग गिळून उभा राहिलो. तिला ते गप्प राहणं दिसलं, दात काही दिसले नाहीत. तिने स्वेटरची घडी घातली, पुन्हा मोडली, नीट घातली आणि खालच्या कप्प्यात ठेवली.

मग तो रविवार आला. मंगळवारी ती जाणार होती. मला वाटलं होतं ती या वेळी समुद्रावर येणार नाही, पण सकाळी उठलो तर तिने थर्मास भरून ठेवला होता आणि हातमोज्यांचे दोन्ही जोड खिडकीत वाळत होते. बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. ती बाहेर बघत होती. मी मनात म्हणालो, आज. आज दोराचं शेवटचं टोक यायच्या आत. तिथे तरी बोलायची सवय आहे. तिथे नाही जमलं तर मग कुठेच जमणार नाही, आणि ती मंगळवारी गाडीत बसेल, आणि माझी काही हरकत नव्हती असंच जगाला वाटत राहील, आणि तिलाही. तिलाही तसंच वाटत राहील, याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटत होतं.

ओहोटी पुरी व्हायला वेळ होता म्हणून आधी वाळूतला कचरा. आमच्यात एक निवृत्त बसड्रायव्हर आहेत, सगळे त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणतात, तोंडाची टकळी अखंड चालू. त्यांना वाहून आलेल्या चपला गोळा करायचा नाद आहे. दरवेळी एका रांगेत मांडून ठेवतात आणि जोड लावून बघतात, आणि इतक्या वर्षांत एकही जोड लागलेला नाही. त्यांचं म्हणणं असं की आपल्या बाजूला सगळ्या डाव्या येतात; उजव्या समुद्र कुठे नेतो देव जाणे, तिकडे कुणी आपल्यासारखाच एक वेडा त्या मांडून बसला असेल. मी बाटल्यांची झाकणं वेचत होतो. बायको थोडी पुढे, जाळ्याच्या एका मोठ्या गुंत्याशी बसली होती. त्यात एक खेकडा अडकला होता, जिवंत. तिने हातमोजे काढले, कमरेच्या पिशवीतली लहान कात्री घेतली आणि एकेक धागा कापायला लागली. खेकडा तिला नांगी मारत होता. ती त्याच्याशी बोलत होती, अरे थांब, अरे सोडवतेय ना बाबा, अरे किती चिडशील. त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा नव्हती आणि तरी बोलत होती. सुटल्यावर तो थेट तिरका पळाला, मागे वळून बघणं वगैरे काही नाही, आणि ती बोट चोखत त्याच्याकडे बघून हसली. मला त्या खेकड्याचा हेवा वाटला. हसा हवं तर.

प्रोफेसरांना तिने बदली झाल्यासारखं काहीतरी सांगितलं होतं. त्या हळहळल्या, पण त्यांची हळहळ मोजणीसाठी होती. इतकी वर्षं एकाच डोळ्यांनी बघितलेले खडक, आता नवे डोळे. मग त्यांनीच तोड काढली. तुम्हाला ऐकून ऐकून सगळं पाठ आहे, त्या मला म्हणाल्या, आता तुम्ही सांगा आणि ड्रायव्हरसाहेब लिहितील. ड्रायव्हरसाहेबांनी एकदा लिहून पाहिलं होतं. खेकडे, दोन, असं कुणी म्हटलं की ते म्हणायचे खेकडे, दोन, अरे वा, काय लठ्ठ आहे हो एक! तेव्हा प्रोफेसरांनी कपाळाला हात लावला होता. ते शिकतील, आता त्या म्हणाल्या, पण आज ही आहे तोवर तुम्ही तिच्या देखत सांगायचा सराव करून घ्या. ती लिहील. बायको एवढंच म्हणाली की चालेल, आणि माझ्याकडून पाटी घेतली. पेन्सिलीची दोरी तिने मनगटाला दोनदा गुंडाळली. मी एकदाच गुंडाळतो, माझं मनगट जाड आहे.

मी गुडघे टेकले. खडक गार होता आणि पँटमधून पाणी लगेच आत आलं. इतकी वर्षं मी या जागेवर येतो आहे आणि हे सगळं मी वरूनच पाहिलं होतं, तिच्या पाठीवरून, तिच्या मानेवरून. वाकून बसलं की वेगळंच जग. पांढऱ्या टोप्यांसारखे बारीक जीव खडकाला चिकटलेले असतात, त्यांना आम्ही टोप्याच म्हणतो. त्या पाणी ओसरताना टिकटिक असा आवाज करतात हे मला माहीतच नव्हतं. तिने कधी सांगितलं नव्हतं. आवाज पाटीवर लिहीत नाहीत. शेवाळाखाली एक शंख हळूहळू चालला होता, त्याच्या चालण्याची ओली रेघ उठली होती. मी मोजलं. चुकलो, परत मोजलं. घसा साफ करून म्हणालो, "टोप्या, बेचाळीस." मागून तिचा आवाज आला, "टोप्या, बेचाळीस." बरं वाटलं. "शंख, तीन." "शंख, तीन." चौकट उचलली, पुढे ठेवली.

दोन-तीन चौकटी झाल्या आणि मला काहीतरी व्हायला लागलं. एका भेगेत, शिंपल्यांच्या आड, निळसर ठिपक्यांचा एक इवलासा मासा डबक्यात राहून गेला होता. इतकुसा, नखाएवढा, आणि पाणी पुन्हा येईपर्यंत तिथेच जीव मुठीत धरून थांबलेला. त्याला बघून माझ्या छातीत काहीतरी भरून आलं. मला तो तिला दाखवायचा होता. "मासा, एक," मी म्हणालो, आणि माझ्या आवाजात ते सगळं होतं, असं मला वाटलं. "मासा, एक," मागून आलं. सरळ, सपाट, बिनचूक. मी थांबून राहिलो. आणखी काही येईल असं वाटलं, कुठेय, बघू, किंवा नुसतं हो? काही आलं नाही. तिने नियम पाळला होता. आपण दारावर थाप मारावी आणि आतून कुणी दार उघडायच्या ऐवजी थापच मारावी, तसं झालं. मग पुढच्या चौकटीत तसंच, आणि त्याच्या पुढच्या. मी काहीतरी शोधून काढायचो, डोळे ताणून, गुडघे खरचटून, ते उचलून तिच्याकडे द्यायचो, आणि ते मलाच परत मिळायचं, माझ्याच शब्दांत. वारा होता, लाटा होत्या, बाजूच्या दोरावर कुणीतरी हसत होतं, आणि मला इतकं एकटं वाटलं की मी खडकाला हात टेकला. ती हे किती वर्षं ऐकत होती? समुद्रावर एक वेळ ठीक. पण मीठ संपलं म्हणताना, खांदा दुखतो म्हणताना, एखाद्या संध्याकाळी काही कारण नसताना रडू येतंय म्हणताना? माझे डोळे भरून आले आणि चौकटीतलं काही दिसेना. मी बाहीने पुसले. ती मागे थांबून होती. तिने विचारलं नाही. लिहिणाऱ्याने विचारायचं नसतं.

शेवटची चौकट. पलीकडे पाणी वळलं होतं, खडकांच्या खालच्या खाचांत एकदम शिरून फुगायला लागलं होतं. प्रोफेसरांनी लांबून हात करून आटपा अशी खूण केली. मी चौकट ठेवली. 

"खेकडा, एक, लहान," मी म्हणालो.

"खेकडा, एक, लहान."

"समुद्रफुलं, दोन, मिटलेली."

"समुद्रफुलं, दोन, मिटलेली."

चौकटीत आणखी मोजण्यासारखं काही नव्हतं. मी दोन्ही हातांनी तिच्या कडा धरून ठेवल्या. अंधारी खोली नाही, तक्ता नाही, स्क्रू नाही. या वेळी आधी बोलणारा मी होतो.

"जाऊ नकोस," मी म्हणालो.

मागे पेन्सिलीचा आवाज आला नाही. मी वळून बघितलं. ती पाटी छातीशी धरून उभी होती आणि तिचे डोळे काठोकाठ भरले होते. हनुवटी हलत होती. तिला काहीतरी बोलायचं होतं, आपलं, स्वतःचं. ती ते शोधत होती हे मला स्पष्ट दिसलं, जसं खुर्चीवरच्या माणसाला खालची ओळ वाचायची असते आणि ती लागत नाही हे मला रोज दिसतं. मी वाट बघितली. ती नुसतं 'का?' म्हणाली असती तरी चाललं असतं. आत्ता सुचतंय होय तुला, असं म्हणून ओरडली असती तरी मी तिथेच ओल्या खडकावर सुखाने रडलो असतो. तिने पाटी सरळ केली.

"जाऊ नकोस," ती म्हणाली.

सूर वर नेला नाही. त्यात आपलं काही घातलं नाही. जसं ऐकलं तसं.

दोराच्या खालच्या खिळ्यापर्यंत पाणी आलं होतं. मी चौकट उचलली.